डोक्यामागचं तोंड

आधी तुळशीरामभाऊचं नाव लिहा ताई, मग माह्यं. फाट्यावर चिंचेखाली सायकलीचं दुकान आहे त्याचं, दुकान म्हणजे काय, चार बांबू अन् वर टिनाचा पत्रा, एक पंप, पाण्याचं घमेलं अन् पान्यांची पेटी. तो नसता तर मी आज इथी बसून तुमच्याशी बोलत नसती, कवाचीच गावी परत गेली असती. लिहिलं का? आता माह्यं सांगते. मी सगुणा.

माह्यं गाव आलापल्लीच्या पुढं, पार जंगलात, डांबरी रस्ता संपते तिथून बी पायी जा लागते. घरी आमी गोंडी बोलतो, मराठी मी शाळेत शिकली, तेही अर्धीच, आठवीपर्यंत. आठवीत सरकारनं पोरींले सायकली वाटल्या, शाळा दूर होती म्हणून. निळी सायकल, नवीकोरी, सीटवरचं प्लास्टिक मी सहा महिने काढलं नाई. अन् त्याच साली बाप गेला, माय एकटी पडली, भाऊ लहान, तर मी शाळा सोडली. काय सांगू तुमाले, सायकल भेटली शाळेसाठी अन् मी शाळाच सोडली. ते मनात रुतून राह्यलं. बाजारात गुरुजी दिसले का मी सायकल दुसऱ्या गल्लीत घालत होती, वाटे, आता हे म्हणतीन आण परत.

त्या सायकलीले सगळं होतं तवा. घंटी होती, समोर पांढरी काच, मागं मडगार्डवर लाल काच, लाईट पडला का चमकते ते. आमी त्याले रेडियम म्हणतो. पण माह्या भावानं पोळ्याच्या दिवशी ते लाल रेडियम काढलं अन् बैलाच्या कपाळावर बांधलं, साऱ्या गावात कोणाच्या बैलाले तसं नव्हतं, तो असा छाती काढून फिरला का मी मागितलंच नाई परत. घंटीची वाटी मोहाच्या दिवसात कुठीतरी पडली. कोणाले काय फरक पडते, आमच्या पांदीच्या वाटेनं समोरून येणारा म्हणजे बकऱ्या नाई तर मावशी.

मावशीनंच मले इकडं सिंदेवाहीच्या बाजूले आणलं, धानाच्या मिलमध्ये बायांले काम आहे म्हणे. सायकल एस्टीच्या टपावर टाकून आली माह्यी. मावशी वर्षभरात परत गेली, मी राह्यली. खोली एका गावात अन् मिल सात किलोमीटरवर, मधात दोनी बाजूनं जंगल. मिलची पाळी सकाळी सातले लागते, पहिली बस येते नऊले. म्हणजे सायकल आहे तर काम आहे, सायकल नाई तर काम नाई, इतकी सीधी गोष्ट होती.

अन् रस्त्यानं वाघ. तुमी शहरातल्या, तुमाले वाटन हे वाढवून सांगून राह्यली, पण आमच्याकडं वाघ दिसला हे कोणी बातमी म्हणून नाई सांगत, कुठी दिसला तेवढंच विचारतात. जंगलात मोहफुलं वेचाले जाणाऱ्या बाया डोक्याच्या मागं माणसाच्या तोंडाचा मुखवटा बांधतात, वाघ मागून येते, तोंड दिसलं का त्याले वाटते माणूस आपल्यालेच पाहून राह्यला, अन् थांबते. माह्या घरमालकिणीनं तिचा जुना मुखवटा मले देला. मोठे डोळे, काळ्या मिशा. मी म्हटलं, जंगलात चालते तर सडकेवर काऊन नाई चालणार? रोज बांधून जात होती. मले लय हुशार वाटत होतं स्वतःले.

थंडीचे दिवस होते, धान निघालं होतं, मिल जोरात. सकाळी असं धुकं का स्वतःचं हँडल दिसते तेवढंच. मी डाव्या बाजूनंच जाऊन राह्यली होती, आपल्या हिशोबानं. मागून भाजीची पिकअप आली. त्या डायव्हरनं नंतर सांगतलं, खोटं नाई बोलला तो, पळून बी नाई गेला, म्हणे मले धुक्यात तोंड दिसलं, मिशावाला माणूस समोरून येऊन राह्यला, माह्याकडं पाहून राह्यला, म्हटलं होईन बाजूले, म्हणून हॉर्न नाई मारला. अन् मागं लाल काच नाई, काही नाई, त्याले कळावं कसं का हे सायकलीचं मागचं अंग आहे? जवळ आल्यावर त्यानं गाडी वळवली पण कॅरियरले लागलीच. मी सायकलीसकट बाजूच्या धानाच्या बांधीत, शेतातच पडली.

फाटा तिथून दिसते. तुळशीरामभाऊ दुकान उघडून राह्यला होता, धावत आला, साठीच्या वरचा माणूस, पायात चप्पल नाई. माह्यं मनगट वाकडं झालं होतं. त्यानं बांबूची कमची हाताखाली ठेवली अन् जुन्या ट्यूबनं गुंडाळून बांधली, दवाखान्यात डॉक्टर म्हणे, कोणी बांधलं हे, बरं बांधलं. तवा मी रडत होती ते हातासाठी नाई ताई, सायकलीसाठी. दवाखान्यातून कागद गेला तर पोलिसांनी सायकल ठाण्यात नेली, मुखवटा बी नेला.

आठ दिवस मी ठाण्यात गेली नाई. प्लास्टरचा हात घेऊन सात किलोमीटर पायी जावो, पायी येवो. मिलचा मुकादम म्हणे, सगुणा, रोज अर्धा तास उशीर होऊन राह्यला, सायकल नसन तर सांग, मी दुसरी बाई लावतो. तिकडून भावाचा फोन, ये घरी, झालं तुह्यं कमावणं, हात मोडून घेतला. अन् मी कोणालेच सांगत नव्हती का मी ठाण्यात काऊन जाऊन नाई राह्यली. शेवटी तुळशीरामभाऊनंच धरलं रस्त्यात. काऊन वो बाई, सायकल तुह्यी हाय का चोरीची? मी तिथीच बसली अन् सांगून टाकलं, भाऊ, ते शाळेची आहे, मी शाळा सोडली, ते विचारतीन कागद, घेऊन टाकतीन परत. भाऊनं माह्या दंडाले धरून उठवलं. मग म्हणे, चाल, मी येतो संग. त्यानं दुकान बंद केलं त्या दिवशी.

ठाण्यात एक जवान पोट्टा शिपाई होता, तो माह्या मुखवट्याले डोक्यामागं बांधून फिरून राह्यला, म्हणे पाहा जी, मी आता येऊन राह्यलो का जाऊन? सारे हसले. मी जोहार घातला, आमच्याकडचा नमस्कार, अन् हवालदारसाहेबानं तोंड उघडायच्या आधीच बोलली, साहेब सायकल शाळेची आहे, मी शिकली नाई पुढं, पण चोरी नाई केली. साहेबानं हातातला पेन खाली ठेवला. मग म्हणे, अवं बाई, सरकारनं देली ते तुह्यी झाली, तुह्या शाळेचा हिशोब कोण मागून राह्यला? मी मागतो तो हिशोब वेगळा. अन् त्यानं सायकल बाहेर काढायले लावली, एकेक जागा बोट लावून दाखवली. सायकलले लायसन नाई लागत, नंबर नाई लागत, पण रस्त्यावर आली का तेही गाडीच, कायदा तिलेही आहे. घंटी कुठी आहे? मागचा ब्रेक लागते का? समोर पांढरं, मागं लाल, कुठी आहे? अंधारात, धुक्यात समोर दिवा पाह्यजे. वळाच्या आधी हात दाखवतं का? हेल्मेटची सक्ती नाई, पण घातलं तर डोकं तुह्यंच वाचते. अन् हे, मुखवटा उचलून म्हणे, हे वाघासाठी ठीक आहे, डायव्हरसाठी नाई. मागून तू मागूनच दिसाले पाह्यजे.

मले इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं, पण भीती दुसरी सुरू झाली, मुखवटा काढला तर वाघाचं काय? भाऊ म्हणे, घंटी कशाले असते मग? माणूस बाजूले होते अन् जनावरही. वाजवत जा ना.

दोन दिवस लागले त्याले. वाकड्या रिमचा आऊट काढून ते सीधी केली, ब्रेकचे रबरी गुटके बदलले, घंटी बसवली, पायडलले पिवळं रेडियम, समोर पांढरं, एक बॅटरीचा दिवा, अन् मागं मडगार्डवर लाल काच. मले बाजूले बसवून पाना हातात देला, म्हणे एका हातानं बी पिळता येते, पीळ. आता आमी मिलच्या पाच जणी संगच निघतो, मी त्यांच्या सायकलीले बी रेडियम लावून घेतलं, ऐकत नव्हत्या, म्हणत आली मोठी आर. टी. ओ. मी म्हटलं म्हणा, पण लावा, नाई तर मी संग नाई येत. जंगल लागलं का पाचही घंट्या सुरू. हेल्मेट अजून नाई घेतलं, खोटं काऊन बोलू, पण घेईन. भाऊले, म्हणजे माह्या भावाले, फोनवर सांगून टाकलं, मी येत नाई परत, कामावर जाऊन राह्यली.

अन् एक सांगाचं राह्यलं. हात बरा झाला त्यानंतरची गोष्ट, तवर माह्यी सायकल आमच्यातली एक जण चालवे अन् मी कॅरियरवर बसो. अशीच सकाळ, धुकं, मी सगळ्यायच्या पुढं, दोन्ही हातांनी हँडल धरून मजेत, अन् एकदम समोर काहीतरी काळं. घंटी वाजवली, ब्रेक दाबला, हातभर अंतरावर थांबली. पाह्यलं तर तुळशीरामभाऊ, आपल्या सायकलीवर, दुकानाकडं जाऊन राह्यलेला. मी ओरडलीच त्याच्यावर, भाऊ, तुमच्या मागं लाल कुठी आहे? तो हसला, म्हणे, मले या रस्त्यावर कोण नाई ओळखत? मग मी त्याच्या मडगार्डकडं पाह्यलं. दोन छेद होते, स्क्रूचे, मोकळे. अन् मग आपल्या मडगार्डकडं पाह्यलं.

आपलंच लाल काढून मले लावलं, हे त्यानं कवाच सांगतलं नव्हतं. मी म्हटलं घ्या परत, तो म्हणे बसवलेलं काढत नसतो मी. बाजारातलं नवीन आणून देलं तर त्यानं ते दुसऱ्याच एका बाईच्या सायकलीले लावून टाकलं.

म्हणून म्या ठरवलं आहे. मायले विचारलं फोनवर, ते पोळ्याचं लाल रेडियम आहे का अजून? माय म्हणे, गोठ्यात खुंटीवर टांगलं आहे, बैल विकला तरी तुह्या भावानं टाकलं नाई. या पोळ्याले जमलं तर या पोळ्याले, नाई तर पुढच्या, मी गावी जाईन, भावाले समजावीन, ते खुंटीवरचं काढून आणीन. अन् भाऊच्या दुकानात, भाऊच्याच पान्यानं, त्याच्या सायकलीले माह्या हातानं लावीन. मग काढून दाखवा म्हणावं. बसवलेलं काढत नसते, त्यानंच सांगतलं आहे.