नाडीचे बूट

म्हापशाच्या स्टँडवर पेडण्याच्या बसच्या रांगेत सुलोचनाच्या पुढे बाप-लेक उभे होते. तिने भाजीची पिशवी खाली ठेवली आणि कान तिकडे लावले.

“दम मोजायला सरांनी बारा मिनिटं पळवलं, आणि तू मध्येच थांबलीस गो?”

“मैदानाच्या कडेला राखणदाराची घुमटी आहे, बाबा. बूट काढून नमस्कार केला.”

“एकदाच ना?”

“दर फेरीला. देवासमोरून तशीच कशी जाणार?”

“तेही खरं. मग गोव्याच्या संघात कोणाला घेतलं?”

“मोपाच्या रेश्माला.”

“ती नाही थांबली?”

“थांबली की. पण ती अनवाणी पळत होती.”

“आणि मी तुला नवे बूट घेतले.”

“मी बिननाडीचे मागितले होते. नाडीचे टिकतात, असं तुम्हीच म्हणालात.”