सूर्य जवळ आला नाही

नाही जी मावशी, सूर्य काही जवळ नाही आला. सगळेच म्हणतात तसं — आमच्या गल्लीतल्या बायाही म्हणतात, यंदा सूर्य खालतं उतरला — पण तो होता तिथंच आहे, माझ्या आजीच्या वेळी तापे तेवढाच तापून राहिला. बसा नं, सरकते मी. तुमच्या माणसाचा नंबर एक्स-रेले लागला म्हणता, मग वेळ आहे. इथं धंतोलीत कोणत्याही दवाखान्यात जा, बसणं आलंच. उमरेडवरून आले? एवढ्या उन्हात? मी टीचर आहे जी, विज्ञान शिकवते, कामठी रोडवरच्या शाळेत, एकोणीस वर्षं झाले, म्हणून कोणी विचारलं की माझं तोंड सुरू होते. आणि आता तर बोलत नाही राहिली तर — जाऊ द्या. आत माझे सासरे आहेत. धोंडबा. ऊन लागलं त्याह्यले. आणलं तेव्हा एकशे सहाच्या वर ताप होता. रेशनच्या दुकानातून येता येता रस्त्यात पडले, अर्धा तास झाला असन — असं सांगतलं मी डॉक्टरले. म्हणजे असंच झालं. असंच झालं नं.

मग गरमी काहून वाढली? बरोबर विचारलं, पोट्टेही हेच विचारतात. ऐका. सूर्याचा उजेड हवेतून सरळ खालतं येतो, हवा त्याले फारसं अडवत नाही. तो जमिनीवर पडला की जमीन तापते, डांबर तापते, टिन तापते. आता तापलेली वस्तू काय करते? आच फेकते. तवा चुलीवरून उतरवला, दिसत काहीच नाही, तरी हात जवळ नेला की लागते नं? जमीनही तशीच, दिवस-रात्र वरतं आच फेकून राहिली, डोळ्याले न दिसणारी. ती सगळीच्या सगळी आभाळापार निघून गेली असती तर पृथ्वी बर्फ झाली असती, शून्याच्या खालतं अठरा. पण हवेत काही वायू असतात — पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन — लय नाही जी, उलसेसे असतात, पण ते ही आच धरतात. धरतात, आणि चहूकडे सोडतात, त्यातली बरीच परत आपल्याच अंगावर. गोधडीसारखं समजा. गोधडी स्वतः गरम नसते, पण अंगाची ऊब जाऊ देत नाही. ती पायजेच, तिच्यामुळेच तर आपण जिवंत आहो. भानगड ही का आपण तिच्यावर आणखी गोधड्या टाकून राहिलो. तुमच्या उमरेडकडे कोळशाच्या खाणी आहेत नं — तो कोळसा म्हणजे करोडो वर्षांआधीचं जंगल, जमिनीत गाडलेलं, निवांत पडलेलं. आपण खोदला, जाळला, वीज केली. पेट्रोल तसंच. वरून जंगलं तोडली, जे हा वायू पिऊन घेत तेच नाहीसे केले. मिथेन गायी-म्हशींच्या पोटातून निघतो, पाणी भरलेल्या धानाच्या बांध्यांतून निघतो, शहराच्या कचऱ्याच्या ढिगातून निघतो. आधी हवेच्या दहा लाख कणांत कार्बन डायऑक्साइडचे दोनशे ऐंशी होते, आता सव्वाचारशेच्या वर गेले. आणि आज जाळणं बंद केलं तरी त्यातला बराच शेकडो वर्षं तिथंच राहते. म्हणून म्हटलं, सूर्याचा दोष नाही. दोष आपला आहे. सगळ्यांचा. सगळ्यांचा म्हटलं का बरं वाटते, नाही? एकट्यावर येत नाही.

पाणी प्या नं तुमी. मले नको.

मामाजींचं वय पंचाहत्तर. आमच्यात सासऱ्याले मामाजीच म्हणतात, तुमच्यातही म्हणत असन. छप्पनच्या धम्मदीक्षेले बापाच्या खांद्यावर बसून गेलेला माणूस, सहा वर्षांचे होते, सांगतात का गर्दीत एक चप्पल पडली आणि बापानं वाकून उचलली नाही, म्हणे आज खालतं पाहाचं नाही. पुढं कामठीले पॉवरलूमवर जन्म गेला. कान त्याच खटखटीनं गेले. बारावी झाली आणि माझं लग्न झालं. सासूबाई म्हणत, पोळ्या शिक पहिले. मामाजी म्हणाले, सून शिकन. शिकन म्हणजे कॉलेजात शिकन. रात्रपाळी करून येत आणि सकाळी मले सायकलवर डबलसीट कॉलेजात नेऊन सोडत — लोक हसत जी, सासरा सुनेले डबलसीट घेऊन चालला — तीन वर्षं. मग बी.एड. माझा पहिला पाठ होता हाच, हरितगृह परिणाम. काचेचं घर, उजेड आत येते, गरमी बाहेर जात नाही. घरी मामाजींपुढं म्हणून पाहिला. ते कानामागं हात धरून ऐकत बसले आणि म्हणाले, बेटी, एवढं तापते तर त्या घराचं दार उघडत काहून नाही कोणी? मी हसली. पण मावशी, तेच बरोबर होतं. मले नंतर समजलं. माळ्याचं काचेचं घर तापते ते आच धरल्यामुळं कमी आणि कोंडल्यामुळं जास्त — तापलेली हवा बाहेर जात नाही म्हणून. आभाळाची गोष्ट वेगळी, आभाळाले दार नाही. पुस्तकात दोन्ही एकच लिहिलेलं असते. मी पोट्ट्यांले वेगळं करून सांगते, मोठ्या हौसेनं सांगते.

दोन वर्षांपासून ते विसरून राहिले. जेवले का नाही ते विसरतात, माझं नाव विसरतात, पण लूमची पाळी नाही विसरत. उठले की चालले कामठीले. दोनदा शेअर ऑटोत बसून गेले, तिथं आता लूम नाही, गोडाऊन आहे, त्याच्या शटरसमोर उभे राहून पाळी लावा म्हणत होते. दुसऱ्यांदा रस्त्यावर ट्रकखाली येता येता राहिले. मग काय करायचं, सांगा? माझा नवरा अंकुश, मिहानमध्ये विमानाच्या दुरुस्तीवर आहे, आत मोबाईल नेऊ देत नाहीत, आताही त्याले ऑफिसमधून निरोप धाडला तेव्हा निघाला. पोरगी उन्नती, तिची बारावी आहे, दिवसभर क्लास. म्हणून बाहेरून कडी लावली. एक दिवस. आजच्या दिवस.

रोजच लावतो जी. रोज. खोटं कायले बोलू तुमच्यासंग, तुमी थोडीच आमच्या गल्लीत राहता. मार्चपासून रोज लावतो.

त्याह्यची खोली छतावर आहे. टिनाची. आधी ते खालतं झोपत, गार खोलीत, पण तिथं उन्नतीचा अभ्यास, तिच्यासाठी एसी बसवला, आणि त्याह्यची बडबड, रात्रभर पाळी पाळी — पोरीचं वर्ष वाया जाईन म्हटलं. मीच म्हटलं. अंकुशले वाईट वाटलं होतं, मी म्हटलं, वरतं मोकळी हवा आहे. मोकळी! मोठी सरकती काच लावली उजेड यावा म्हणून, तिच्यात धूळ जाऊन ती जाम झाली, हलत नाही. एसीचा बाहेरचा पंखा खालतं बरोबर त्याच भिंतीले लावलेला, त्याची गरम हवा सरळ वरतं. कूलर दिला होता — कंजूसपणा नाही केला जी — पण खोलीच्या आतच ठेवला, का काच उघडत नाही. आता मी विज्ञानाची टीचर. मले नाही माहीत का बंद खोलीत कूलर म्हणजे नुसती वाफ? हवेत पाणी एवढं भरते का घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर माणसाचं अंग गार व्हाचा रस्ताच बंद. परीक्षेत दोन मार्काले विचारते मी हे. माहीत होतं. रोज माहीत होतं. उद्या काच पाहू, उद्या मिस्त्री बोलावू.

आज कुठं होती मी, विचारा. विचारा नं. शिक्षकांची कार्यशाळा होती, हवामान बदलावर. मले बोलावलं होतं पाठ करून दाखवाले. दोन काचेच्या बरण्या, दोन थर्मामीटर, एक झाकलेली, एक उघडी, दोन्ही उन्हात ठेवल्या. वीस मिनिटांत झाकलेलीचा पारा किती चढला ते सगळ्यांनी रांगेनं वाकून पाहिलं. टाळ्या झाल्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी कडी लावून निघाली होती, एकपर्यंत येते म्हटलं, पाण्याचा गडवा भरून ठेवला, भात झाकून ठेवला. पण मग जेवण होतं, मग प्रमाणपत्रं, मग साहेब म्हणाले फोटोले थांबा मॅडम, तुमचाच पाठ सगळ्यात चांगला झाला. थांबली. घरी काय होतं ते मनात आलं नाही असं नाही — आलं, दोन वाजता आलं, आणि मी म्हटलं, झोपले असन. खरं सांगू? बरं वाटून राहिलं होतं. कोणी मले चार तास एकदाही पाळी लावा म्हटलं नव्हतं.

साडेचारले घरी आली. शेजारच्या प्रेमलताबाई फाटकात उभ्या, म्हणाल्या, आज बाबा लय ठोकून राहिले होते वं, बारापासून, मग थांबले. मी म्हटलं तुमी वरतं काहून नाही गेल्या? त्या म्हणाल्या, रोजच ठोकतात. तुमीच तर म्हटलं होतं, लक्ष देऊ नका.

मीच म्हटलं होतं.

दाराजवळच पडले होते. अंग कोरडं, तव्यासारखं. गडवा लवंडलेला. मी ओरडली, ऑटोवाला उचलू लागला, ओला दुपट्टा टाकला अंगावर, सारा रस्ता मी हात चोळत होती त्याह्यचे. आणि इथं त्या नूपुर डॉक्टर मॅडमनं विचारलं, कधीपासून असे आहेत? तर माझ्या तोंडातून निघालं, रेशनच्या दुकानातून येऊन राहिले होते, अर्धा तास झाला. कसं निघालं, काय माहीत. रेशनचं दुकान तर चार दिवसांपासून बंद आहे.

आता त्या म्हणतात, हिशेब जुळत नाही. अर्ध्या तासात लघवी एवढी लाल कशी झाली, झटके काहून येऊन राहिले. डोक्याचा फोटो काढला, त्यात काही नाही निघालं. म्हणे मेंदूत दुसरा काही आजार असू शकते, पाठीच्या कण्यात सुई टाकून पाणी काढा लागन, सही द्या. मावशी, सुई टाकतील त्या. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाच्या पाठीत. मी सांगतलेल्या गोष्टीपायी. आणि खरं सांगतलं तर — तर अंकुश काय म्हणन? पोलिसात लिहितात का हो असं? शाळेत कळन. पोट्टे म्हणतील, ज्या मॅडमनं बरणी दाखवली — नाही, असं पाहू नका माझ्याकडे. माझी सासू असती तर अशीच पाहत राहिली असती.

हो डॉक्टर मॅडम, मीच. हो, धोंडबांची सून. नाही, सही नाही करत. म्हणजे करीन, पण थांबा एक मिनिट, ते कागद खालतं घ्या. मी तुमच्यापाशी खोटं बोलली. रस्त्यात नाही पडले. घरी होते, टिनाच्या खोलीत, बाहेरून कडी होती, कडी मी लावली होती. अकरा-दहाले लावली, साडेचारले उघडली. बारापासून दार ठोकत होते, कधी थांबले ते माहीत नाही. काच बंद होती. कूलर आत होता. हो, पाच तास. पाचच्या वर. बीपीच्या गोळ्या — हो, लघवीची गोळी सकाळी दिली होती मीच. लिहा. सगळं लिहा. मग सुई नाही नं टाकणार? किडनी? किडनी आधी पाहता? पाहा, लवकर पाहा. वाचतील? नाही, बरोबर आहे, आता कसं सांगता येईन तुमाले. ताप उतरला म्हणता नं, शंभरवर आला म्हणता नं. जा तुमी, जा, मी इथंच आहे.

गेल्या. पळतच गेल्या.

मावशी, तुमी उठा आता. तुमच्या माणसाचं नाव पुकारून राहिले तिकडे, दुसऱ्यांदा पुकारलं. नका बसू माझ्यासाठी, काही गरज नाही, खरंच जा. तो पाहा, जिन्यातून माझा नवरा येऊन राहिला, गळ्यात ओळखपत्र तसंच आहे. हे त्याले मी एकटीनंच सांगते.

अंकुश, इकडे. नाही, आत नको जाऊ अजून, काम सुरू आहे त्याह्यचं. पहिले बस. अंकुश, बस म्हणते नं मी.