पुन्हा ताप

आई : नुसतं गुलाबी पाणी दिसतंय गं.

लेक : बाटलीत नाही दिसणार. मायक्रोस्कोपला डोळा लाव. लांबट लांबट दिसतायत ना, त्या पेशी. त्याच्या दंडाची कातडी घेतली होती, त्यातून वाढवलेल्या.

आई : किती दाटीवाटीने बसल्यात. त्याला तर मेली गर्दी सोसायची नाही.

लेक : आई, तो नाहीये तो.

आई : कळतं मला. तुझ्या भावाच्या पेशी अजून जिवंत आहेत म्हणालीस, म्हणून धावत आले. आता काय करणार यांचं?

लेक : प्रत्येक पेशीत एकेक जनुक बंद केलंय. हिच्यात एक, तिच्यात दुसरं. आता सगळ्यांना तापवायचं. बहुतेक मरतील. ज्या तगतील, त्यांच्यात काय बंद होतं ते शोधायचं. म्हणजे तापात त्याचं शरीर का कोसळलं, याचा काही माग लागेल.

आई : पुन्हा ताप देणार त्याला?

लेक : …हो.

आई : एक बाटली तरी ठेव बाजूला. माझ्यासाठी.

लेक : हजारो जनुकं आहेत, त्या मानाने पेशी आधीच कमी पडतायत. आणि ठेवली तरी या वाढून वाढून थकल्यात. महिनाभरात आपोआप संपतील. गोठवलेल्यांतली शेवटची कुपीही यातच गेली.

आई : मग महिनाभर असू दे की. तुझं काय जातंय?

लेक : माझं काय जातंय? माझा भाऊ होता तो.

(आई पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावते.)

लेक : त्याच आजाराची एक मुलगी आहे, आई. चार वर्षांची. तिची आई दिवसभर तिच्या कपाळाला हात लावून बघते.

आई : ती वाचेल यातून?

लेक : खोटं कशाला बोलू? औषध कुठे शोधायचं, एवढंच कदाचित कळेल.

आई : लावत असेल गं हात. मीही लावायचे. शेवटी मात्र दवाखान्यात त्यांनी मला दाराबाहेर बसवलं. आत पोर तापाने फणफणतंय आणि मी बाकावर.

लेक : मी नाही करत आज. उद्या बघू.

आई : नको, उद्यावर नको ढकलूस. किती वेळ चालेल?

लेक : दोनेक तास. तू घरी जा, मी फोन करते.

आई : स्टूल दे इकडे. या खेपेला मी आत बसणार आहे.