वाघाच्या शेपटीविषयी दोन शब्द

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या छावणीचे नवे सरदार तेंगसाहेब. व्यासपीठावर विराजमान असलेले डुक्करबाजाराचे प्रमुख ओउयांगशेठ. आजचे सत्कारमूर्ती, व्याघ्रपथकाचे उस्ताद लिआन छ्वानफा. पहिल्या बाकावरून आत्तापासूनच माझ्याकडे डोळे वटारून बघणाऱ्या लिआनवहिनी. आणि चहा थंड होऊनही उठून न गेलेल्या समस्त झांगझौकरांनो,

मी छावणीचा कारकून. बावीस वर्षं उस्तादांच्या पराक्रमाचे अहवाल मीच लिहिले. तेव्हा आज थोडं खरं बोलायची मुभा असावी.

व्याघ्रपथकाचा शिपाई म्हणजे हातात वेताची ढाल, आखूड तलवार. अंगात पट्ट्यापट्ट्यांचा पिवळा डगला, डोक्यावर कानांची टोपी आणि मागे शेपूट. कशासाठी? तर वाघ दिसला की शत्रूचा घोडा उधळतो, असं कवायतीच्या पोथीत लिहिलंय. पोथी उत्तमच आहे. फक्त आमचा शत्रू आगबोटीतून आला. बारा वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी ती बोट येऊन उभी राहिली, तेव्हा उस्तादांचे साठ वाघ तटावरून दुपारभर डरकाळ्या फोडत होते. संध्याकाळी भरती आली, बोट गेली. 'डरकाळीने शत्रू पळाला,' असं मी लिहिलं. भरतीचा सत्कार करायची सोय नव्हती, त्याला मी काय करणार?

तेव्हा मी उस्तादांना चिडवलंही होतं, "घसा बसला ना? अहो, बोटीला घोडे नसतात!"

ते म्हणाले, "मला काय डोळे नाहीत? पण तोफांसमोर माणसं गप्प उभी केली असती, तर घटकाभरात पळाली असती. ओरडत होती म्हणून टिकली."

त्यानंतर त्या शेपटीला मी हसलो नाही. म्हणजे, त्यांच्या देखत नाही.

मग गेल्या महिन्यात पथकाची पाहणी झाली. पाहणी करणाऱ्या साहेबांचं नाव मी घेत नाही, कारण ते अध्यक्षस्थानी आहेत. उस्तादांनी डरकाळी फोडली आणि साहेबांचा पांढरा घोडा जो उधळला, तो साहेबांसकट थेट डुक्करबाजारात! ओउयांगशेठ, आपण त्यांना ज्या हौदातून बाहेर काढलंत, त्यात काय होतं, हे आपण आजवर कुणाला सांगितलं नाहीत. याला म्हणतात खानदानीपणा.

उस्तादांच्या चाळीस वर्षांच्या चाकरीत हे शस्त्र एकदाच लागू पडलं, आणि त्याच संध्याकाळी पथक मोडल्याचा हुकूम निघाला. कारण? 'शस्त्र निरुपयोगी.' अक्षर माझंच आहे. आता नव्या बंदुका आल्यात. आलेल्या गोळ्या त्यांच्या नळीत जात नाहीत, एवढं सोडलं तर तक्रारीला जागा नाही.

उद्या सकाळी सगळे डगले मैदानात जाळायचे आहेत. उस्तादांनी एवढंच मागितलं, की माझा डगला मला घरी नेऊ द्या. साहेब म्हणाले, "सरकारी माल आहे."

हे ऐकून वहिनी छावणीच्या दारात काय बोलल्या, ते मी जसंच्या तसं सांगतो. "सरकारी? सरकारी डगला पहिल्याच वर्षी कसरीनं खाल्ला! नवा मागितला, तर उत्तर आलं, 'असलेला वाघ वापरावा.' हा माझ्या लग्नातल्या रजईचा आहे! शेपूट सहा वेळा बदललं मी. सरकारनं दोरा तरी दिला का?"

उस्ताद म्हणाले, "अगं, हळू. साहेब ऐकतील."

"मग मी काय तुमच्यासाठी ओरडतेय?"

साहेब, ते उत्तर माझ्या दप्तरात आहे. तेही माझ्याच अक्षरात. तेव्हा सरकारी वाघ जाळायचाच असेल, तर तो आधी कसरीच्या पोटात शोधावा लागेल.

आता आवरतं घेतो. आपला पांढरा घोडा बाहेर वडाला बांधलाय. उस्ताद आज साध्या सदऱ्यात आहेत. पण वहिनींच्या मांडीवर एक गाठोडं आहे आणि त्यातून काहीतरी पिवळं, पट्ट्यापट्ट्यांचं डोकावतंय. हा धाक नव्हे, साहेब. कारकून कुणाला धाक घालणार? मला आपल्या परतीच्या वाटेची काळजी, इतकंच.

साहेबांनी आत्ता मान हलवली. ती होकाराची होती, असं मी अहवालात लिहितो.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते पोटात घाला. आणि वहिनी, आता गाठ घट्ट मारा. साहेबांना घोड्यावर बसायचंय.