आपल्या दुखणाईत बहिणीसाठी

हाडांच्या दवाखान्यात शिंपीणबाई प्लास्टरमधला हात सांभाळत बाकावर बसल्या होत्या. शेजारी दोघी जावा येऊन टेकल्या, त्या भांडतच. शिंपीणबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं, कान मात्र तिथेच ठेवले.

“जाऊबाई, तुमचं बरंय. दर रविवारी चर्चमध्ये अख्खी मंडळी तुमच्या गुडघ्यासाठी डोळे मिटते.”

“माझ्या गुडघ्यासाठी?”

“नाहीतर काय! माझी कंबर कधीची धरलीये, तिचं नाव काढतं का कोणी? पाळकसाहेब सांगतात, आपापला क्रूस उचला. तुमचा सगळ्यांनी मिळून उचललाय. मी आपली माझा एकटीच ओढतेय.”

“अगं, पण माझा गुडघा कधी आला त्यांच्या तोंडी?”

“‘आपल्या दुखणाईत बहिणीसाठी प्रार्थना करू या,’ म्हणतात ना?”

“ती तू नाहीस? मला वाटलं, हिनेच गुपचूप जाऊन सांगितलंय. इतके दिवस नुसती जळतेय मी. शेवटी ‘आमेन’सुद्धा म्हणत नाही.”

“अय्या! मीपण नाही म्हणत.”



“मग ही बहीण आहे तरी कोण?”

“कोण का असेना! आपल्यापेक्षा जास्त असं काय झालंय तिला?”

दोघींची नजर एकदमच शेजारच्या प्लास्टरवर गेली. मनगटापासून पार खांद्यापर्यंत होतं ते.

“तुम्हाला हो काय झालंय, ताई?”

“मला? काही नाही,” शिंपीणबाई घाईघाईने म्हणाल्या, “अगदीच किरकोळ.”