चकलीचा आग्रह

तुम्हाला सांगतो, दाताच्या इम्प्लांटला मी जेवढा घाबरलो तेवढा लग्नालाही घाबरलो नव्हतो. आमचा इथला, नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नचा डेंटिस्ट मोठा शांत माणूस. दर भेटीत मी विचारायचो, "जबड्यात स्क्रू म्हणजे सेफ असतं ना?" आणि दर भेटीत तो म्हणायचा, "हाड चांगलं आहे. सिगरेट ओढत नाही ना? मग घाबरण्यासारखं काही नाही."

शेवटचा चेकअप नेमका दिवाळीत आला. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बायकोने चकल्यांचा डबा दिला. यंदा त्या जरा कडकच झाल्या होत्या. मी त्याच्यासमोर नव्या दाताने एक कडकन फोडून दाखवली. तो खूश. त्यानेही एक खाल्ली आणि 'एक म्हणजे एकच' या डच शिस्तीत डबा बंद केला. मी कसला ऐकतोय? "एका चकलीने काय होतंय? अजून एक घ्याच."

दुसऱ्या चकलीला कट्ट आवाज झाला. त्याने गाल धरला, आरशात पाहिलं आणि स्वतःच हसायला लागला. "दाढ उभी चिरली. आता काढावीच लागणार, मग तिथे इम्प्लांट."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "डॉक्टर, सिगरेट ओढत नाही ना? मग घाबरण्यासारखं काही नाही."