दारापुरती निवडणूक

...आणि बाकं उचलणार कोण? मी! नाही, तुम्हीच सांगा, इथे दुसरं आहे कोण? पेठच्या डोंगरात आमची शाळा, खोल्या दोन, शिक्षक दोन, त्यातल्या मोहिनी मॅडम मुख्याध्यापिका, म्हणजे बाकं उचलायला उरलो मी एकटा... लोकसभा आली, बाकं बाहेर. मतदान झालं, बाकं आत. विधानसभा आली, पुन्हा बाहेर! आणि ते मतदानाचे लोक येतात ना, चांगले असतात बिचारे, पण पाढ्यांच्या तक्त्यावर फेविकॉल लावून उमेदवारांची यादी डकवतात, ती काढायला जावं तर सतराचा पाढा निम्मा यादीबरोबर निघून येतो. माझी पोरं अजून सतरा पाचे पंच्याऐंशीच्या पुढे अडतात, आणि तुम्हाला सांगतो, तो दोष माझा नाही, लोकशाहीचा आहे.

मोहिनी मॅडमचं तर मत ठरलेलं. तालुक्याची बैठक पोषण आहाराची असो की वृक्षारोपणाची, शेवटी पदर खोचून उठायच्याच, "साहेब, शाळा ही शाळा आहे. मतदानाला दुसरी जागा बघा." साहेब दमलेल्या आवाजात विचारायचे, "मॅडम, तुमच्या गावात न गळणारं छप्पर दुसरं कुठंय?" मॅडम म्हणायच्या, "आमचंही गळतं." झालं, बैठक संपली, चहा आला.

आता खरं सांगू का... आपल्यातच ठेवा हं, पण शाळेला जे काही मिळालं ते मतदानामुळेच मिळालं. दिवे कधी आले? मतदानाच्या तोंडावर. पायऱ्यांशेजारचा उतार? मतदान. नळाची तोटी? मतदान! एरवी अर्ज करकरून मॅडमचा हात दुखला, उत्तर एकच, प्रस्ताव वर गेलाय. किती वर? ब्रह्मगिरी चढून पलीकडे उतरला असेल एव्हाना! आणि मागणी कसली, तर एका दाराची. मुलींच्या स्वच्छतागृहाला भिंती आहेत, पत्रा आहे, दार तेवढं नाही. म्हणून पाचवीतली रोशनी मधल्या सुट्टीत ओढा ओलांडून घरी जायची ती परत यायचीच नाही, आणि तिच्यामागे बाकीच्या मुली. दुपारी वर्गात बघावं तर नुसते मुलगे, आणि मॅडम खिडकीशी उभ्या, ओढ्याकडे बघत. मला मान वर करवत नसे हो तेव्हा.

तर ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. केंद्र आमचीच शाळा. बाकं उचलणार कोण? मी. पण या वेळी तपासणीला आलेल्या अधिकारीबाईंनी स्वतःच ते स्वच्छतागृह पाहिलं आणि मतदानाच्या आत इथे दार बसलं पाहिजे असं जागच्या जागी, गावासमोर सांगून टाकलं. शाळेत मतदान नको म्हणणाऱ्या आमच्या मॅडमनी उलट बाईंना आग्रह करकरून दुसरा चहा पाजला!

आणि तेवढ्यात गावानं काय ठरवावं? बिनविरोध! एरवी बांधावरून डोकी फोडणारं गाव, यांना नेमका आत्ताच एकोपा सुचला. सरपंच ठरला, बाकीचे वॉर्ड ठरले, आमच्या वॉर्डात रोशनीचा बाप हिरामण उभा होता आणि त्याच्यासमोर झिपरू, तर चार जाणत्यांनी झिपरूची समजूत घालून त्याचाही अर्ज मागे घ्यायला लावला. आता बिनविरोध म्हणजे मतदान नाही, मतदान नाही म्हणजे केंद्र नाही, आणि केंद्र नाही म्हणजे दार... मॅडमचा चेहरा बघवेना. बरं, बोलायची चोरी, सरकारी माणसाला कुणाला उभं राहा म्हणता येतं का? माझी बाकं वाचली होती खरी, पण तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा न उचललेल्या बाकांचं ओझं झालं.

सगळ्या गावात एकच अर्ज मागे घ्यायचा राहिला होता, हिरामणच्या आईचा, बयाबाईचा. तो डमी. म्हणजे मुलाचा अर्ज छाननीत उडालाच तर घरातलं कुणीतरी असावं म्हणून भरून ठेवलेला, करतात तसं लोक. माघारीच्या दिवशी हिरामण जीप घेऊन अंगणात, आये चल, सही करून येऊ. म्हातारी नागली पाखडत होती, ती पाखडतच राहिली. तो घड्याळ दाखवतोय, तीन वाजेपर्यंतच घेतात म्हणतोय, हिचं सूप काही खाली येईना. मी तिथे रोशनीला परत शाळेत न्यायला गेलेलो, म्हणून या कानांनी ऐकलं. हिरामण म्हणाला, "आये, तू माझ्या इरोधात उभी राहते काय?"

"तुझ्या इरोधात नाय रं," म्हातारी म्हणाली. "मत मी तुलाच देईन. पन मतदान होऊ दे. माझ्या नातीला दार पायजे."

तीन वाजले.

मग प्रचार! दारोदार हिंडली ती म्हातारी, आणि सांगायची काय, तर मला मत देऊ नका, पण मत द्यायला या मात्र. असा उमेदवार पाहिलाय कधी? हिरामणला कळेना, आईवर रुसावं की तिच्या पाया पडावं. रुसून जाणार कुठे, जेवायला बसायचं तिच्याच चुलीपाशी.

आणि दार आलं हो! पत्र्याचं, निळं, आतून कडी असलेलं. मतदानाच्या दिवशी बाया बोटाला शाई लावून बाहेर पडायच्या त्या थेट तिकडे, कडी लावून बघायच्या, काढून बघायच्या, पुन्हा लावायच्या... केंद्रावर एक रांग मतदानाची आणि दुसरी दाराची! दुसऱ्या रांगेत सगळ्यांत मागे मोहिनी मॅडम, पदरानं डोळे टिपत. मला म्हणाल्या, धूळ गेली. असेल बुवा, सकाळी बाकं मीच ओढली होती.

निकाल लागला, हिरामण निवडून आला. बयाबाईला एक मत पडलं. आता तिनं तर मुलाला दिलेलं, मग हे दिलं कुणी? गाव माझ्याकडे आणि मॅडमकडे बघायला लागलं, आमची नावं तर नाशकातल्या मतदारयादीत! शेवटी गुलालानं माखलेला हिरामण पेढे घेऊन शाळेत आला, त्या निळ्या दाराकडे बघत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "सर, आयेला एकबी मत नसतं पडलं, तर बरं दिसलं नसतं."

आता दुपारची घंटा झाली की रोशनी वर्गात, तिच्यामागे सगळ्या मुली वर्गात, बाकांवर जागा पुरत नाही. भलं होवो त्या म्हातारीचं, त्या अधिकारीबाईंचं, आणि हो, सतराचा पाढा फाडणाऱ्यांचंसुद्धा!

परवा बैठक झाली. पुढच्या निवडणुकीचा विषय निघाला, साहेबांनी सवयीनं मॅडमकडे बघितलं. मॅडम उठल्या, पदर खोचला. "साहेब, केंद्र आमच्याच शाळेत ठेवा. छप्पर गळतंय."

साहेबांनी जरा सावरून विचारलं, बाकं बाहेर काढायला माणूस आहे का तुमच्याकडे? मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आहे की," म्हणाल्या.

तर आता... अहो, ऐकत काय बसलात? धरा ते दुसरं टोक!